जोत्यावरची रेघ

रविवार, १ ऑक्टोबर १९७२

पुसली! शकूने रेघ पुसली!

घट बसायला आठवडा राहिला म्हणून सकाळपासून घराला पांढरी माती द्यायला काढली होती. मी मागे भांडी घासत होते. पुढे येऊन बघते तर भिंत लख्ख, आणि पंचायतीची गेरूची रेघ मातीखाली गडप. "अगं, ती पुसायची नसते, ठराव आहे!" तर बाईसाहेब म्हणतात, "वेणूकाकूंनीही पुसली. सगळ्यांनीच पुसलीय, आई." दारातून डोकावले. खरंच. दिसतील तेवढ्या भिंती पांढऱ्या. आळीतल्या बायांनी देवीसाठी घरं सारवली आणि एकोणसत्तरचा पूर पुसून टाकला!

हसूच आलं. ओढ्यात थेंब नाही. प्रवरेच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळतात. माझ्या वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलीत. आणि आमच्या भिंतींवर काय, तर पुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ. देवी तरी काय म्हणत असेल!

मंगळवार, ३ ऑक्टोबर

ह्यांचं भिंगारहून पत्र. लष्कराच्या कचेरीत बसून ह्यांना परसातलं कुंपण दिसतं. "भिंतीचं काय झालं? शकू आता लहान नाही." मला काय ते कळत नाही? न्हाणी परसात, वर आभाळ, बाजूला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण. त्यातून कुत्रं जातं, नजर जाणार नाही? गेल्या महिन्यात पलीकडे कुणीतरी उभं होतं. शकू ओरडली नाही. ओल्या परकरानेच आत आली आणि चुलीपुढे बसून राहिली. तेव्हापासून पहाटे अंधारात उरकते.

पण परवाना मिळेल तर ना! दोनदा अर्ज केला, दोनदा परत आला. नियम तोंडपाठ झालाय: ज्या घराच्या जोत्याच्या वर पुराची रेघ आहे, त्याच्या परसाला दगडविटांचं कुंपण घालता येणार नाही. तारेचं घाला नाहीतर काट्याचं, आणि तारेखाली हातभर मोकळं सोडा. ओढा फुगला की पाणी आधी मागे झुंबरबाईच्या परसात येतं, तिथून आमच्या परसात, आमच्यातून नदीत. ते अडू नये म्हणून. नियम चांगला आहे. ग्रामसभेत त्याच्या बाजूने सगळ्यात मोठ्यांदा कोण बोललं होतं? मीच!

आमची रेघ जोत्याच्या वर एक वीत होती. एका वितीसाठी पोरीने अंधारात अंघोळ करायची.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

आज मी खोटं बोलले. वहीत तरी सरळ लिहावं.

दुपारी ग्रामसेवक भाऊसाहेब आले. गहिनीनाथ नाव, माणूस भला, पण कामाचा कंटाळा अंगात मुरलेला. बरोबर दोन पंच, गेरूचा डबा आणि गवंड्याची पाणी भरलेली नळी. "बायकांनी माझ्या नोकरीवर पांढरी माती फिरवली," असं म्हणत आले. आमचं घर आळीच्या तोंडाशी, म्हणून सुरुवात इथून. अंगणात बाया जमल्या. वेणू, झुंबरबाई, आणखी दोघीतिघी. भाऊसाहेब म्हणाले, "बाई, तुमची कुठं होती?"

मी जोत्याच्या खाली एक वीत बोट ठेवलं.

हात आपोआप गेला, असं लिहिणार होते. कसला आपोआप! हात मी नेला. न्हाणी डोळ्यांपुढे आणली आणि नेला.

भाऊसाहेब म्हणाले, "बाईंनी सांगितलं म्हणजे विषय मिटला." आणि गेरूचा कुंचला माझ्या बोटाच्या जागी टेकवला. मला वाटलं, झालं. माझी रेघ खाली आली, कुणाचं काय गेलं? तर त्यांनी नळीचं एक टोक माझ्या रेघेला लावलं आणि दुसरं घेऊन वेणूच्या भिंतीकडे निघाले! तिथून पुढच्या घरी. तिथून मागे झुंबरबाईकडे. पाणी आपली पातळी धरतं, हे चौथीच्या मुलांना मीच शिकवते, पेल्यात नळी बुडवून दाखवते. आणि ते माझ्याच ध्यानात आलं नाही! सगळ्या आळीचा पूर मी दोन वितींनी खाली आणला.

थांबा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. चहा टाकला सगळ्यांना.

शकू चुलीपाशी हळूच म्हणाली, "आई, रेघ वर होती ना गं?" मी म्हटलं, "तुला काय आठवतंय!" तिनेच तर स्वतःच्या हाताने सारवली होती.

रविवार, ८ ऑक्टोबर

घट बसले. आरतीत मी नुसते ओठ हलवले. वेणू म्हणते, "बाईंचा घसा बसला."

रविवार, २६ नोव्हेंबर

तिसरा अर्ज. आता त्यात काही वावगं नाही. रेघ जोत्याखाली आहे, कुणीही येऊन बघावं!

मागच्या शेजाऱ्याची ना-हरकत लागते. झुंबरबाईकडे गेले. तिचं घर आमच्याच पातळीवर, पण जोतं बुटकं, उंबरा ओलांडला की जमीनच. सूर्यभानबाबा, तिचे मालक, खाटेवर. दोन वर्षांपूर्वी बैलगाडीवरून पडले ते कंबरेखाली लुळे झाले. तोंड मात्र शाबूत! मला बघून म्हणाले, "या बाई. काय म्हनती शाळा? पोरं हायेत का समदी गेली खडी फोडाया?" झुंबरबाईने कागद उलटा धरून पाहिला. "काय लिव्हलंय ह्यात?" मी म्हटलं, "मी परसाला भिंत घालतेय, तुमची हरकत नाही म्हणून." तशी हसली. "तुमच्या कामाला आमची कसली आलीय हरकत? पोरीची जात हाय घरात, घाला की." आणि अंगठा पुढे केला. शाई मीच लावली.

भिंतीने तुमचं पाणी अडेल, हे कागदात नव्हतं. मी तोंडानेही सांगितलं नाही. ती विचारेल असं वाटलं होतं. तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं — असं मी घरी येईपर्यंत स्वतःला बजावत होते. येताना तिने पदरात चार शेंगा घातल्या. दुष्काळात! त्या अजून फडताळात तशाच आहेत.

शनिवार, ९ डिसेंबर

परवाना आला. शिक्का, सही, सगळं ठसठशीत. ह्यांना कार्ड टाकलं.

रविवार, २१ जानेवारी १९७३

भिंत झाली. पुरुषभर उंच, काळ्या दगडाची, सांधे सिमेंटने भरलेले. आज शकूने नऊ वाजता, लख्ख उन्हात अंघोळ केली. आणि गात होती! पोरगी गाते हे मी विसरूनच गेले होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. पोळी करपली.

सुख झालं. तेही लिहिते. लाज वाटली तरी सुख झालं.

वेणूच्या परसालाही भिंतीचं काम निघालंय. म्हणते, "बाई, तुमच्यामुळे आमचीबी रेघ जोत्याखाली सापडली!" मी हसले.

गुरुवार, १५ मार्च

सांगून टाकायचं म्हणून पंचायतीत गेले. भाऊसाहेबांनी उठून खुर्ची दिली, समोर बसलेल्या माणसाला म्हणाले, "ह्या आमच्या बाई. गावात एक माणूस खोटं बोलणार नाही, तो ह्या." मी शाळेच्या माठाला तोटी बसवायची आहे असं सांगून परत आले.

भित्री! भित्री ती भित्रीच.

शनिवार, १४ जुलै

ओढ्याला पाणी आलं! दीड वर्षाने! आळी नुसती नाचतेय. म्हाताऱ्या बायासुद्धा पाण्यात पाय सोडून बसल्या.

मी छत्री घेऊन भिंतीच्या पलीकडे गेले. झुंबरबाईच्या परसात घोट्याएवढं साचलेलं, हलायला तयार नाही. भिंतीच्या पायाशी पालापाचोळा येऊन थटलेला. तिला म्हटलं, "तुंबलंय हो." ती म्हणाली, "तुंबू द्या की. जिरंल. गेल्या साली प्यायाला न्हवतं, औंदा परसात उभं हाय. माजलंय का मी, नको म्हनाया?"

भिंतीला खाली दोन मोऱ्या पाडून घ्याव्यात. गवंड्याला निरोप दिला पाहिजे.

सोमवार, २३ जुलै

गवंडी म्हणतो, आता पावसात नको, पाया हलेल, दिवाळीत बघू. ह्यांनीही लिहिलं, मोरीतून साप यायचे. बरं म्हटलं. कुणी बरं म्हणायला निमित्त दिलं की मी लगेच घेते.

सोमवार, १० सप्टेंबर

सूर्यभानबाबा गेले. काल. बुडून.

लिहिणार. क्रमाने लिहिणार. कुठेही हात आपोआप गेला असं म्हणणार नाही.

काल रविवार. दुपारी दोनच्या सुमाराला. इथं पाऊस भुरभुरच होता, वर डोंगराकडे मात्र काळंकुट्ट. झुंबरबाई रानात कांद्याची रोपं लावायला गेलेली. बाबा घरात एकटे. ओढा गरजला तो सगळ्यांनी ऐकला. मी आणि शकू धान्याचे डबे माळ्यावर चढवू लागलो. आमच्या परसात पाणी नव्हतंच. मला तर बरंच वाटलं — बघा, काही होत नाही!

तेवढ्यात परसातून हाक. शेजारचा श्रीमंत नावाचा पोरगा, भिंतीवर चढून बसलेला, हातात पहार. "बाई, पल्याड छातीएवढं पानी! दार उघडंना! बाबा आत हाय! तुमची भिंत फोडतो!"

आणि मी म्हणाले, "परवाना आहे तिला."

हेच म्हणाले. देवा! बाबा आत आहे हे ऐकूनसुद्धा हेच तोंडातून निघालं. श्रीमंतने उगारलेली पहार खाली घेतली. माझ्या शब्दाखातर थांबला! गावात माझ्या शब्दाला मान आहे ना. मग शकूच धावत गेली आणि ओरडली, "फोडा, श्रीमंतदादा!" तेव्हा त्याने पहार घातली.

दगड सुटले तसं पाणी आमच्या परसात कोसळलं. न्हाणी गेली, तुळस गेली, पाणी घरात शिरलं. पलीकडचं कंबरेपर्यंत उतरलं तेव्हा तिघांनी खांदे लावून दार मोडलं. बाबा खाटेवरच होते. खाट पाण्यात बुडालेली. दोन्ही हातांनी वरच्या खुंटीची दोरी घट्ट धरलेली. हातांत ताकद होती त्यांच्या, पायच तेवढे नव्हते.

झुंबरबाई रानातून धावत आली. तिचं रडणं लिहिता येत नाही.

आज सकाळी शकूला विचारलं, "मी परवाना म्हणाले त्यात कितीसा वेळ गेला गं?" ती म्हणाली, "तू तीनदा म्हणालीस." मला एकदाच आठवतंय.

बुधवार, १२ सप्टेंबर

पंचनामा झाला. भाऊसाहेब, तलाठी, दोन पंच. माझ्या पुढच्या भिंतीवर गाळाचा डाग उमटलाय. जोत्याच्या वर एक वीत. अगदी तिथंच! शकूने सारवली होती ती जागा. पाणी एकोणसत्तरला जिथवर आलं तिथवरच आलं, काडीभर जास्त नाही.

आणि तलाठ्याने काय लिहिलं? "पाणी पूररेषेच्या वर दोन वीत चढले. असा पूर यापूर्वी आलेला नाही. भिंत परवान्याप्रमाणे." म्हणजे कुणाचीच चूक नाही, दोष आभाळाचा! माझं खोटं आता सरकारी कागदावर खरं झालं. भाऊसाहेब कागद पुढे करून म्हणाले, "बाई, साक्षीदार म्हणून सही करा. तुम्ही शिकलेल्या."

केली. पेन त्यांनी दिलं, सही मी केली. मोठ्या, स्वच्छ अक्षरात.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

शकू बोलत नाही. जेवते, शाळेत जाते, बोलत नाही. आज एवढंच म्हणाली, "मला नको होती भिंत." मी म्हटलं, "तुझ्यासाठीच केलं गं सगळं." तशी तिने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. पोरीच्या गळ्यात बांधायला निघाले मी माझं पाप!

रविवार, १६ सप्टेंबर

ह्यांचं पत्र. "जे झालं ते दैव. भिंत परत घालायला परवाना जुना चालेल का, की नवीन अर्ज करावा लागेल, चौकशी करून ठेव."

चुलीत घातलं.

मंगळवार, १८ सप्टेंबर

बाबांचा दहावा. नदीवर सगळं गाव. कावळा बराच वेळ शिवला नाही. लोक एकेक कबूल करत होते. पुतण्या म्हणाला, काकूला सांभाळू. श्रीमंत म्हणाला, दार नवीन करून देतो. मी मागे बायकांत उभी होते. मला ठाऊक होतं कावळा कशासाठी थांबलाय. असलं काही मी मानत नाही, मुलांनाही मानू नका म्हणून सांगते. पण तेव्हा मानलं. मनातल्या मनात म्हटलं, "सांगते बाबा, सांगते." शेवटी दर्भाचाच शिवला. परत येताना बाया म्हणत होत्या, "बाईंनी किती मनाला लावून घेतलंय बघा. शेजारी असावा तर असा."

गुरुवार, २० सप्टेंबर

ठरलं. उद्या तेरावा उरकू दे. परवा सकाळी आधी झुंबरबाईला सांगायचं, मग पंचायतीत जाऊन लेखी द्यायचं. अर्ज लिहून ठेवलाय. "मी दाखवलेली रेघ खोटी होती." एवढंच वाक्य, पण चार कागद फाडले. पहिल्या कागदावर "अनवधानाने" असं लिहिलं होतं. दुसऱ्यावर "मुलीच्या काळजीपोटी". तिसऱ्यावर नियमाचीच चूक काढून बसले होते! लबाडीलासुद्धा किती शुद्ध मराठी येते.

शकूला अर्ज दाखवला. तिने दोनदा वाचला. मग माझ्या ताटात भाकरी वाढली. दहा दिवसांनी वाढली.

शिव्या देईल झुंबरबाई. देऊ दे. थुंकली तोंडावर तरी पुसणार नाही.

शनिवार, २२ सप्टेंबर

झुंबरबाईकडे गेले. अर्ज पदराखाली होता. मी तोंड उघडायच्या आत तिनेच हात जोडले.

"बाई, मला तुमची माफी मागायचीय. लई दिस सलतंय. तुमी भाऊसायबाला रेघ दावली ना, तवा मी तुमच्यावर शंका घेतली हुती. माझ्या भिताडावरची रेघ शाबूत हुती. मालकाच्या दुखन्यात मला सारवायाच झालं न्हवतं. पार खिडकीला लागून हुती ती. पळत घरी आले आन मालकाला म्हनलं, बाई खोटं बोलत्यात. तर किती चिडले! म्हनले, बाई कशाला खोटं बोलतील? आपलीच रेघ चुकली आसंल. पूस आधी. दोन रेघा दिसल्या तर त्यांचा शब्द खाली पडंल. भाऊसायब याच्या आधी मी पोतेरं फिरवलं. खाट रेघेच्या वर ऱ्हावी म्हनून तिच्याखाली दगड रचले हुते, रेघच खाली आली तवा तेबी काढून टाकले. वरनं खाली घ्याया जड जायाचं त्यास्नी. पन तुमच्यावर शंका घेतली, बाई, ती काय मनातनं जाईना. चुकलं माझं."

मी म्हटलं, "असू द्या, झुंबरबाई."